रिपोर्ट कोलेस्टेरॉलचा आणि गोळी बंद बीपीची?

फॅमिली ग्रुपवरचे आरोग्य-मेसेज मी वाचत नाही. पण ह्या एका मेसेजवरून कोल्हापुरात गंगावेशीतल्या आमच्या मामांनी बीपीची गोळीच सोडली, मग वाचावा लागला. म्हणणं असं: कोलेस्टेरॉलनं नळ्या चोंदतात म्हणूनच बीपी वाढतो, कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं की बीपीची गोळी बंद, लसूण-लिंबाचा काढा नळ्या धुऊन काढतो, अमेरिकेनं २०१५ मध्येच कोलेस्टेरॉलला क्लीन चिट दिली, आणि सैंधव कितीही खा.

आधी गोळीचं, कारण ते जिवावरचं आहे. मामांचा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९२ आला, छान. पण तो आला रात्रीच्या स्टॅटिनमुळं, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळं, आणि बंद केली सकाळची बीपीची अम्लोडिपिन! विजेचं बिल भरलं म्हणून पाण्याचं थकवायचं, तसला हिशोब. वर मला ऐकवलं, "दोन दिस गोळी न्हाई, तरी मशीनवर १२८ हाय की रं!" असणारच. अम्लोडिपिन रक्तात निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. तिचा असर सावकाश उतरतो, बीपी सावकाश चढतो, आणि बहुतेकदा डोकंसुद्धा दुखत नाही. तोवर माणूस ग्रुपवर "मला फरक पडला" लिहून मोकळा. बीटा ब्लॉकर किंवा क्लोनिडीन ही बीपीचीच दुसरी औषधं अशी एकदम सोडली तर प्रकरण आणखी अंगाशी येतं.

मुळात एलडीएल साचतो तो मोठ्या रोहिण्यांच्या, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्यांच्या, भिंतीत. बीपी मुख्यतः ठरतो पुढच्या बारीक रोहिण्या किती आवळल्यात आणि मूत्रपिंडं किती मीठ-पाणी धरून ठेवतात त्यावर. पुरावा हवा? २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ॲस्कॉट नावाची चाचणी छापून आली. बीपीचे, पण कोलेस्टेरॉल फारसं न वाढलेले १०,३०५ रुग्ण. बीपीची औषधं सगळ्यांनाच. वर निम्म्यांना ॲटोर्वास्टॅटिन हे स्टॅटिन १० मिलिग्रॅम, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. तीन वर्षं उलटून गेल्यावर स्टॅटिनवाल्यांत हार्ट अटॅक आणि हृदयाच्या रोहिण्यांच्या आजारानं आलेले मृत्यू मिळून ३६ टक्क्यांनी कमी. आणि बीपी? दोन्ही गटांत जवळपास सारखाच. कोलेस्टेरॉल उतरलं, बीपी जिथल्या तिथं.

बरं, एवढं मान्य करतो की दोन्ही दुखणी बऱ्याचदा एकाच माणसाला गाठतात. कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षं चढं राहिलं की रोहिण्या ताठरतात, वरचा आकडा थोडा वाढू शकतो. पण वाढलेला बीपीही आतलं अस्तर बिघडवून एलडीएलला वाट करून देतो, हे मेसेजवाल्यानं सोयीस्कर गाळलं. म्हणजे मामांची गोळी उलट जास्तच गरजेची.

अमेरिकेनं आपल्या आहार-मार्गदर्शिकेतून खाण्यातल्या कोलेस्टेरॉलची दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढली, हे खरं. रक्तातल्या कोलेस्टेरॉलला कुणी माफी दिलेली नाही. संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, हेही त्याच मार्गदर्शिकेत आहे. पांढऱ्या रश्श्यातल्या खोबऱ्यात कोलेस्टेरॉल शून्य, पण ही चरबी भरपूर. कट्ट्यावरच्या म्हशीच्या दुधाचं तर विचारूच नका.

काढ्याबद्दल काय बोलायचं! तो चरबीचा थर नळीच्या भिंतीत असतो, मोरीतल्यासारखा धुऊन निघत नाही. लसूण तांबड्या रश्श्यात घाला, तिथं त्याचं काम चोख आहे.

आणि सैंधव म्हणजेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, रंग कुठलाही असो; पापड, लोणचं आणि मिसळीवरचं फरसाण धरून.