एक स्टार स्क्रूड्रायव्हर आणि पळपुटा स्क्रू

पहिला डेस्कटॉप स्वतः जोडायचं ठरलं की माणूस आधी हत्यारं जमवतो. प्रोसेसर कोणता घ्यायचा याचा पत्ता नसतो, पण चौसष्ट बिटांची, म्हणजे स्क्रूड्रायव्हरला लावायच्या सुट्या टोकांची, पेटी मात्र घरात येऊन बसते. त्या पेटीबद्दल मला आदर आहे. इतक्या संख्येने इतकं निरुपयोगी राहणं सोपं नाही. त्यातले दोन बिट कामाचे, बाकीचे बासष्ट शोभेचे.

कामाचे दोन म्हणजे फिलिप्स नंबर २ आणि नंबर १, ज्यांना सगळे 'स्टार' म्हणतात. जवळजवळ सगळा कॅबिनेट नंबर २ वर उभा राहतो. नंबर १ लागतो तो एम.२ एसएसडीच्या, म्हणजे माहिती साठवणाऱ्या छोट्या पट्टीच्या, इवल्याशा स्क्रूला. मोठ्या स्क्रूला छोटा स्टार लावला तर तो घसरतो, आणि दोन-तीनदा घसरला की फुलीचा गुळगुळीत खड्डा होतो. मग तो स्क्रू तुमच्या कॉम्प्युटरचा आजन्म सदस्य. दांडा पंधरा सेंटीमीटरच्या आसपास असावा. बुटका स्क्रूड्रायव्हर प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरशेजारच्या कोपऱ्यात पोचत नाही, आपल्या बोटांची सालं मात्र काढतो.

टोक चुंबकाचं असावं की नाही, यावर जाणकार मंडळी भांडतात. असावं. एसएसडीतली माहिती चुंबकावर साठवलेलीच नसते, त्यामुळे तिला काही होत नाही. चुंबक नसेल तर स्क्रू पडतो, आणि पडलेला स्क्रू कधीच समोर पडत नाही. तो मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जिथे जोडतात त्या मुख्य बोर्डावर, एक टप्पा खातो, एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) आडोशाला जातो आणि गप्प बसतो. अशा वेळी कॅबिनेट उचलून हलवायचा, आवाज ऐकायचा, टॉर्च मारायचा. 'असेल कुठेतरी' म्हणून वीज मात्र सुरू करायची नाही. तो मदरबोर्डखाली अडकला असेल तर शॉर्ट करेल. टॉर्च डोक्याला बांधायचा घ्या. तिसरा हात देवाने दिलेला नाही, आणि टॉर्च दातात धरून शिव्या देता येत नाहीत.

स्क्रू ठेवायला वाट्या हव्यात, आणि त्याही वेगवेगळ्या. कारण हे सगळे एकाच जातीचे नसतात, फक्त तसे दिसतात. जाड आट्यांचे ६-३२ हे कॅबिनेट, एसएमपीएस आणि साडेतीन इंची हार्ड डिस्कचे. बारीक आट्यांचे एम३ हे अडीच इंची एसएसडीचे. एम३ ला ६-३२ च्या भोकात घातलं तर तो नुसता गोल फिरतो. उलट केलं तर दोन फेऱ्यांत अडकतो, आणि जोर लावलात तर आट्या खाऊन टाकतो. म्हणून कुठलाही स्क्रू आधी उलटा फिरवावा. आट्या जुळल्या की बारीकसा 'टक्' जाणवतो. मग सुलटा आवळावा. मदरबोर्डखालच्या पितळी खुंट्यांचंही असंच: बोर्डाला जिथे भोक, तिथेच खुंटी. पूर्ण आकाराच्या एटीएक्स बोर्डाला बहुधा नऊ भोकं असतात. 'जास्त आधार बरा' म्हणून लावलेली दहावी खुंटी बोर्डाच्या पाठीला टेकते, आणि तिथे शॉर्ट झालं तर बोर्ड सुरूच होत नाही.

आपल्या अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांवर जाऊ नये म्हणून स्थिर विजेचा पट्टा मनगटाला बांधला तर उत्तम. त्यात एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो, म्हणजे चुकून थेट विजेशी गाठ पडलीच तर आपण वाचावं. पट्टा नसेल तर एसएमपीएस अर्थिंगच्या सॉकेटला जोडून त्याचं बटण बंद ठेवायचं आणि अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावायचा. नायलॉनच्या गालिच्यावर बसून हे सगळं करणाऱ्याला मात्र कोणताही पट्टा पुरत नाही.

थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा मधला लेप, वाटाण्याएवढी. बऱ्याच नव्या कूलरना ती आधीच लावलेली असते. तिच्यावर आणखी थर चढवायचा नाही. जुनी पुसायला नव्वद टक्क्यांवरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड. आणि कूलरखालचं पारदर्शक प्लास्टिक काढायचं! इतकंच.

केबल बांधायला व्हेल्क्रोच्या पट्ट्या घ्या. प्लास्टिकचे टाय पहिल्या दिवशी आवळले की दुसऱ्या दिवशी कापावे लागतात, आणि चाकूने कापताना टायबरोबर एखादी वायरही जाते.

चिमटा मात्र हवाच, आणि तो लागतो शेवटी, जेव्हा आपला धीर संपलेला असतो. समोरच्या बटणांच्या बारक्या वायरी मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात, एकमेकींना चिकटलेल्या पिनांवर बसवायच्या असतात. पॉवर आणि रीसेटची बटणं उलटसुलट कशीही चालतात. दिव्यांना मात्र प्लस-मायनस कळतं, आणि उलटे लावले तर ते रुसून बसतात.

बटण दाबूनही काही हललं नाही, तर आधी एसएमपीएसच्या पाठीमागचं बटण पाहायचं. तेही चालू असेल तर पुन्हा स्क्रूड्रायव्हर. बटणाची वायर काढून पॉवर स्विचच्या दोन पिना त्याच्या टोकाने क्षणभर जोडायच्या. पंखे फिरले, म्हणजे दोष बटणाचा किंवा त्याच्या वायरीचा. पण टोक घसरून शेजारच्या पिनांना लागू द्यायचं नाही.

आता पंखे फिरतायत आणि पडदा काळाच. डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा सुरू होताना ती स्वतःची जुळवाजुळव करते, आणि त्यात काही मिनिटंही जाऊ शकतात. तेवढा वेळ स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यावा.