गोबो ही भाजी आहे, औषध नाही

घराघरांतल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. 'गोबो' ऊर्फ बर्डॉक नावाचं जपानी मूळ रात्रभर भिजत घाला, पाणी काळं झालं की विष निघालं समजा. मग ते उकळून काढा 21 दिवस अनशापोटी घ्या. रक्त शुद्ध होतं, पालकाच्या दहापट लोह मिळतं, शुगरच्या गोळ्या सुटतात, डायलिसिस टळतं, कॅन्सर पळतो. वर शेवटची ओळ: 'हे मूळ आपल्याकडे माळरानावर फुकट मिळतं.' हा मेसेज वाचून मावशीने शुगरची सकाळची गोळी बाजूला ठेवली, म्हणून उत्तर लिहिणं भाग आहे.

'माळरानावर फुकट मिळतं.' सगळ्यात घातक हेच, म्हणून आधी हेच. बर्डॉक थंड हवेतलं झाड. भारतात ते काश्मीर-हिमाचलच्या बाजूला आढळतं, महाराष्ट्राच्या माळावर नाही. आपल्याकडे माळावर, उकिरड्याशेजारी सर्रास दिसतो तो धोतरा, आणि त्याचं मूळ गोबो समजून खाल्लं जाण्याचा धोका पुस्तकी नाही. पिढ्यान्‌पिढ्या गोबो खाणाऱ्या जपानमध्येही लोकांची हीच चूक होते. तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या नैसर्गिक विषांच्या माहितीत हा घोटाळा स्पष्ट नोंदवलेला आहे. धोतऱ्याच्या मुळात अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही विषं असतात, ती शिजवून जात नाहीत. तोंडाला कोरड पडते, बुबुळांतल्या बाहुल्या मोठ्या होतात, छाती धडधडते, लघवी अडते, माणूस भ्रमिष्टासारखं बरळू लागतो. असं काही दिसलं तर उलटी काढण्याच्या खटपटीत वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा आणि उरलेलं मूळ सोबत न्या.

दुकानातलं पाकीट घेतलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. 1978 मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात विकतच्या बर्डॉक चहातून झालेल्या अ‍ॅट्रोपिन विषबाधेची नोंद आहे. अख्खं मूळ निदान डोळ्यांना दिसतं. पावडरीत काय दळलंय ते पाहून कळत नाही.

'पाणी काळं झालं म्हणजे विष निघालं.' केळफूल चिरणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. चिरलेलं केळफूल ताकाच्या पाण्यात का टाकतात? नाहीतर काळं पडतं म्हणून. वांग्याचंही तेच. गोबोत क्लोरोजेनिक आम्ल आणि त्याच्या जातीची पॉलिफेनॉल्स (वनस्पतींतली नैसर्गिक द्रव्यं) भरपूर असतात. सुरी लागली, हवा लागली की मुळातलंच एक एन्झाइम त्यांना तपकिरी करतं आणि तो रंग पाण्यात उतरतो. ते विष नव्हे, उलट गोबोच्या कौतुकात ज्या अँटिऑक्सिडंटचं नाव घेतलं जातं, तेच ते. रात्रभर भिजवलं की तेही जातं आणि चवही जाते.

नीट करायचं तर असं करा. मूळ शक्यतो माती लागलेलं घ्या, धुतलेलं लवकर सुकतं. ब्रशने घासून धुवा. साल सोलू नका, स्वाद सालीलगतच असतो. सुरीच्या पाठीने नुसतं खरवडा. मग पेन्सिलीला टोक काढतात तसं फिरवत पातळ तासा, एक-दोन मिनिटं पाण्यात ठेवा आणि निथळून लगेच शिजवा. पांढरंच हवं असेल तर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घाला. लोखंडी कढईत ते काळपट होतं आणि खायचा सोडा पडला तर हिरवट. दोन्ही वेळा भाजी बिघडलेली नसते.

'पालकाच्या दहापट लोह.' जपान सरकारची अन्नघटकांची अधिकृत सारणी आहे, 2020 ची आठवी आवृत्ती. तिच्यात 100 ग्रॅम उकडलेल्या गोबोत लोह 0.7 मिलिग्रॅम. कच्च्या पालकात सुमारे 3 आणि बाजरीत 6 च्या वर. म्हणजे पालकाच्या पाव हिश्शाइतकंही नाही. भारतीय प्रौढ स्त्रीसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) शिफारस दिवसाला 29 मिलिग्रॅमची आहे. त्यात गोबोतली पॉलिफेनॉल्स वनस्पतीजन्य लोहाचं शोषण कमीच करतात. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला हा काढा देणं म्हणजे तिचे तीन आठवडे फुकट घालवणं. क जीवनसत्त्वही उकडल्यावर 1 मिलिग्रॅमच्या आसपास उरतं.

'शुगरच्या गोळ्या सुटतात.' यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावंच लागेल. गोबोतल्या कर्बोदकांचा मोठा भाग इन्युलिन, म्हणजे एक प्रकारचा विरघळणारा चोथा असतो. तो लहान आतड्यात पचत नाही, त्यामुळे बटाट्यासारखी साखर चढत नाही. त्याच सारणीत उकडलेल्या गोबोचा चोथा 100 ग्रॅमला 6.1 ग्रॅम आहे, आणि भाजी म्हणून हे उत्तमच. (अमेरिकी सारणीत 1.8 दिसेल, मोजण्याच्या काही पद्धतींत इन्युलिनचा भाग निसटतो.) पण साखर न चढवणं वेगळं आणि चढलेली उतरवणं वेगळं. गोळी दुसरं काम करते आणि ते काम गोबो करत नाही. शिवाय काढा गाळून प्यायला तर न विरघळणारा चोथा गाळणीतच राहतो. एकदम वाटीभर खाल्लं तर पोट डबरतं, कारण इन्युलिन मोठ्या आतड्यात आंबतं. सुरुवात 50 ग्रॅमने करा. ज्यांना कांदा-लसणाने गॅस होतो त्यांनी त्याहूनही कमी घ्या.

'डायलिसिस टळतं.' उकडताना गोबोतलं पोटॅशियम 100 ग्रॅमला 320 वरून 210 मिलिग्रॅमवर येतं. मधलं गेलं कुठे? पाण्यात. म्हणजे ज्या किडनीच्या रुग्णाला पोटॅशियम तोडायला सांगितलंय, त्याला हा मेसेज नेमकं तेच पाणी प्यायला सांगतो. अशा माणसाने गोबो खाल्लाच तर पाणी ओतून देऊन, आणि आधी डॉक्टरांना विचारून.

'कॅन्सर पळतो.' बर्डॉकचं मूळ असलेला 'एसियाक' काढा कॅनडात 1920 च्या दशकापासून कॅन्सरचं औषध म्हणूनच दिला गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1983 मध्ये तो प्राण्यांवर तपासला, गुण दिसला नाही. जपानमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी प्राथमिक चाचण्या झाल्या, त्या बर्डॉकच्या फळाच्या अर्काच्या. भाजीच्या मुळाच्या नाहीत.

'रक्त शुद्ध होतं.' रक्त गाळायचं काम यकृत आणि किडनी करतात. याहून जास्त शब्द या मुद्द्यावर नकोत.

तोक्योच्या निशिकासाईत वगैरे राहणाऱ्या मराठी घरांना गोबो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. त्यांनी तो जरूर खावा. नेहमीचा प्रकार म्हणजे किंपिरा, म्हणजे परतलेली भाजी: 150 ग्रॅम गोबो, 50 ग्रॅम गाजर, तिळाचं तेल, थोडी साखर, थोडी मिरची, सोया सॉस. साधा सोया सॉस मोठा चमचाभर घातला की अडीच ग्रॅमहून जास्त मीठ पोटात जातं. ब्लडप्रेशरवाल्यांनी तो अर्धा चमचा घालावा आणि वरून भाजलेले तीळ आणि लिंबू घ्यावं. शेवंतीच्या कुळातल्या झाडांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी पहिल्यांदा एखादाच तुकडा खाऊन पाहावा, गोबो त्याच कुळातला आहे.