"लहान आहे, विसरेल" म्हणणाऱ्यांसाठी

एक मेसेज फिरतोय, मला चार ग्रुपवर आला. म्हणे इंजेक्शन, टाके, ऍडमिट होणं यातलं मुलांच्या काही लक्षात राहत नाही, म्हणून आधी सांगू नका, घट्ट धरा, पटकन उरका, आईला बाहेर पाठवा, रडं थांबलं की विषय संपला. हेतू चांगला असेलही, पण जवळजवळ सगळं चूक आहे.

लक्षात राहत नाही? हे एकेकाळी डॉक्टरही मानायचे. १९८०च्या दशकापर्यंत तान्ह्या बाळांची ऑपरेशनं बरेचदा पुरेशी भूल न देताच व्हायची. १९८७ मध्ये आनंद आणि हिकी या दोन डॉक्टरांनी बाळांना दुखतं याचे पुरावे एकत्र मांडले. पुढे १९९७ मध्ये संशोधक टॅडिओ आणि सहकाऱ्यांना दिसलं की जन्मल्यावर भुलीशिवाय सुंता झालेली बाळं ४ ते ६ महिन्यांची असताना लस घेताना जास्त कळवळतात. म्हणजे प्रसंग सांगता येत नसेल, पण अंगाला ठाऊक असतं.

आधी सांगू नका? फिरायला जाऊ म्हणून नेलंत तर पुढच्या वेळी पोरगं चप्पलच घालणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. "टोचेल, थोडं दुखेल, मी इथेच आहे" एवढं पुरतं. "काहीच होणार नाही" मात्र म्हणू नका, कारण होतं ना काहीतरी.

घट्ट धरा, यावर माझा खरा राग. माझ्या लेकीला चौथ्या वर्षी टाके पडले, तिघांनी दाबून धरलेलं. नंतर कितीतरी दिवस ती बाहुलीला उताणं पाडून उशीखाली दाबायची, सुई खेळात कधी आलीच नाही, फक्त दाबणं. जीवावर बेतलं असेल तर धरावंच लागतं, पण एरवी मांडीवर बसवून, छातीशी घेऊन, एक हात नर्सकडे देऊनही काम होतं. सुन्न करणारी क्रीम तासभर आधी लावता येते, तान्ह्याला पाजता पाजता लस देता येते.

आणि आईला बाहेर? ब्रिटनमध्ये पूर्वी भेटायच्या वेळा अगदी मोजक्या असायच्या, आई गेली की पोरं आधी रडायची मग गप्प व्हायची, आणि स्टाफला वाटायचं रुळली. १९५९ मध्ये हॉस्पिटलमधल्या मुलांसाठी नेमलेल्या तिथल्या सरकारी प्लॅट समितीने सांगितलं की आईवडिलांना कधीही येऊ द्या. गप्प झालेलं मूल बरं झालेलं असतंच असं नाही हो. महिना उलटूनही दचकून उठणं, परत अंथरूण ओलं करणं, तोच तो खेळ चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन या.

पुढच्या वेळी आत गेल्या गेल्या एवढंच विचारा, "मांडीवर घेऊन बसू का?" मी दुसऱ्या वेळी विचारलं, तर नर्स म्हणाली, "बसा की."