दोन थेंब द्या की ओ!

पाऊस उघडला, खानापूर-येळ्ळूरकडे भाताची कापणी सुरू झाली, की बेळगावात मेडिकलच्या काउंटरवर माणसं बोलायच्या आधी शिंकतात. आम्ही फार्मासिस्ट लोक त्या शिंका मोजतो. सलग सहा-सात शिंका, पाण्यासारखं गळणारं नाक, टाळूला नि डोळ्यांना खाज, ताप नाही, तर ती ॲलर्जी. घसा धरलाय, अंग मोडून आलंय, थोडी कणकण आहे, तर ती साधी सर्दी. आठवड्या-दहा दिवसांत आपली आपण जाते. पण निदान गिऱ्हाईक घरूनच करून आलेलं असतं. कानडीत "मूगु कट्ट्याद री" म्हणो, नाहीतर मराठीत "नाक गच्च झालंय बघा, शिंका येऊलालेत नुसत्या" म्हणो, पुढची मागणी दोन्ही भाषांत तीच: ते दोन थेंबांचं ड्रॉप द्या. सीमाभागात एवढं एकमत दुसऱ्या कुठल्या विषयावर झालेलं मला तरी माहीत नाही.

ड्रॉप म्हणजे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन. नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या ते आवळतं, आणि पाच-दहा मिनिटांत नाक असं उघडतं की माणूस आशीर्वाद देत पायरी उतरतो. गोची पुढं आहे. चार-पाच दिवस सलग घातल्यावर, औषधाचा अंमल उतरला की त्याच वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. नाक पुन्हा बंद, पुन्हा दोन थेंब. दिवसातून दोनदाचं सहादा होतं. एक बाटली उशाशी, एक खिशात, एक स्कूटरच्या डिकीत. कापणी संपते, मळणी संपते, ॲलर्जीसुद्धा कंटाळून निघून जाते, तरी यांचं नाक बंदच, कारण आता ते औषधानंच बंद केलेलं असतं. म्हणून खोक्यावर मी पेनानं ठळक लिहितो: तीन दिवस, फार तर पाच. ते वाचून लोक विचारतात, "म्हणजे पाच दिवसांनी दुसरी बाटली न्यायची?"

सवय लागलेल्याला एकदम सोडा म्हटलं तर तो रात्र बसून काढेल. एका नाकपुडीतले थेंब आधी बंद करायचे, दुसरीचे चालू ठेवायचे. पहिली मोकळी राहू लागली की दुसरीची पाळी. सोबत डॉक्टरांना विचारून नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे. ब्लडप्रेशर किंवा काचबिंदू असेल तर या थेंबांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि मोठ्यांचं 0.1 टक्क्याचं ड्रॉप पोराच्या नाकात घालायचं नाही.

गोळ्यांचं त्या मानानं सोपं. सेट्रिझिन 10 मिलिग्रॅम रात्री एक. शिंका, खाज, पाणी यांवर चांगली. चोंदलेल्या नाकावर तिचा फारसा जोर चालत नाही. झोप मात्र आणते, म्हणून ती घेऊन चोर्ला घाटातून गोव्याला गाडी हाकायची नाही. झोप नको असेल तर फेक्सोफेनाडिन 120, पण ती साध्या पाण्याबरोबर. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर ती पोटातून रक्तात नीट उतरत नाही, आणि ॲसिडिटीचं पातळ औषध घ्यायचं तर दोन तासांचं अंतर हवं. "सर्दीची गोळी" म्हणून जी मिसळ मिळते तिच्यात बहुधा फिनाइलेफ्रिन असतं. पोटात घेतलेल्या या औषधाचा चोंदलेल्या नाकाला उपयोग होत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीनं 2023 मध्ये एकमतानं सांगितलं. आपल्याकडंही त्याच वर्षी, क्लोरफेनिरामिन (ॲलर्जीवरचं औषध) आणि फिनाइलेफ्रिनची ही जोडगोळी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना निघाली. हे सांगितलं की काकी म्हणतात, "आमच्या थोरल्याला हेच देत होतो की!" थोरला आता तिशीत आहे.

आठवड्यात चार किंवा जास्त दिवस त्रास, आणि तोही महिनाभर सरत नाही, अशांचं खरं औषध स्टेरॉइडचा स्प्रे. डॉक्टर चिठ्ठी देतात, आम्ही बाटली देतो, आणि "स्टेरॉइड" शब्द वाचून गिऱ्हाईक ती परत सरकवतं. व्यायामशाळेत स्टेरॉइड घेऊन कुणाचं तरी काहीतरी झालेलं असतं. मग हिशेब मांडावा लागतो: एका फवाऱ्यात 50 मायक्रोग्रॅम, प्रत्येक नाकपुडीत दोन, दिवसाचे एकूण 200. म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा, त्यातलं स्टेरॉइड, म्हणजे मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन, रक्तात पोचतं ते किरकोळ.

मारायचा कसा, हे बाटलीपेक्षा महत्त्वाचं. बाटली हलवा. नवी असेल तर बारीक तुषार येईपर्यंत हवेत दाबा. नाक शिंकरा. मान किंचित पुढं. आकाशाकडं तोंड केलं तर औषध थेट घशात जातं आणि कडू लागतं. उजवी नाकपुडी डाव्या हातानं, डावी उजव्यानं, टोक बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेनं. मधल्या पडद्याला हात लावायचा नाही. सीमाभागातल्या माणसाला हद्द म्हणजे काय हे सांगावं लागू नये, तरी इथं सांगावंच लागतं, कारण पडद्यावर फवारा बसला की तिथून रक्त येतं. दाबताना हळू श्वास घ्या, तपकीर ओढल्यासारखा जोरात नको. निपाणीकडच्या मामांना हा शेवटचा नियम भारी जड जातो.

नाक धुवायचं असेल तर ते आधी आणि फवारा दहा-पंधरा मिनिटांनी. पाव लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, चहाचा सपाट अर्धा चमचा भरायला थोडं कमी पडेल इतकं आयोडिन नसलेलं मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा. विहिरीचं पाणी कितीही गोड असो, न उकळता नाकात घालायचं नाही. त्यातला एखादा अमीबा क्वचित मेंदूपर्यंत जातो. मळणीला उभं राहायचं तर तोंडानाकाला मास्क हवा. गाजरगवत उपटायला जाल तर त्याला फुलं यायच्या आधी जा. एकाच नाकपुडीतून घाण वासाचं किंवा रक्ताळलेलं पाणी येत असेल, छातीत सूं-सूं होत असेल, तर काउंटरवर वेळ न घालवता सरळ डॉक्टरकडं.

एवढं ऐकून माणूस स्प्रे नेतो आणि तिसऱ्या दिवशी येतो: "काय उपयोग नाही ओ याचा!" उपयोग कळायला काही दिवस, पुरता कळायला दोन आठवडे लागतात, रोज मारावा लागतो, शिंक आली म्हणून मारायचा नसतो. त्याची परीक्षा बाटलीच करते. वर 120 फवारे लिहिलेत, दिवसाला चार जातात, म्हणजे तीस दिवसांत ती संपायलाच हवी. दिवाळीला नेलेली बाटली लोक होळीला दाखवायला आणतात, हलवून आतला खळखळाट ऐकवतात आणि वर माझ्या दुकानाची तारीफ करतात: "लई टिकाऊ माल दिलात बघा."