शाहिराची स्मृतिसभा निर्विघ्न कशी पार पाडावी

शाहीर अमर शेख यांच्या स्मरणार्थ निपाणीपासून खानापुरापर्यंत कोठेही कार्यक्रम करण्याची इच्छा तुम्हांला झाली, तर अलीकडेच बेळगावातल्या एका सभेत मला जे सोसावे लागले त्याच्या आधारे काही सूचना कराव्यात असे वाटते.

सर्वप्रथम शाहिराला राजकारणापासून सोडवावे. निवेदकाने त्यांना ‘लोककलेचे निस्सीम उपासक’ म्हणावे आणि पुढे सरकावे. बार्शीचा हा माणूस गिरणीत राबला, संपात उतरला, तुरुंगात गेला, कम्युनिस्ट झाला, असल्या तपशिलांनी सभेचे पावित्र्य उगाच बिघडते. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह 1944 मध्ये त्यांनी उभारलेल्या लाल बावटा कलापथकाचे नाव घेणे भागच पडले, तर नुसते ‘कलापथक’ म्हणावे. आचार्य अत्रे त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हणत, हे मात्र अवश्य सांगावे. मायकोव्हस्की कोण होता, हे कोणीही विचारत नाही, म्हणून तो रशियन क्रांतीचा कवी होता हे झाकलेलेच राहते.

त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल होते, याचा उल्लेख टाळावा. हल्ली सभेत कोण येऊन बसतात, हे तुम्ही जाणताच.

प्रायोजक म्हणून बिल्डर मिळाला तर उत्तम, साखर कारखानदार मिळाला तर अत्युत्तम.

पोलिसांच्या परवानगीविषयी मी तुम्हांला काय सांगणार?

आता गाण्याचे. अण्णा भाऊंनी लिहिलेली आणि अमर शेखांच्या पहाडी आवाजाने गावोगाव पोहोचवलेली ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घ्यावीच लागते, कारण लोक तीच मागतात. ती मैनेच्या रूपवर्णनापर्यंत म्हणू द्यावी, टाळ्या घ्याव्यात आणि तेथेच गायकाला थांबवावे. कारण पोटासाठी मुंबईला गेलेल्या गड्याचा विरह सांगता सांगता ही छक्कड खंडित महाराष्ट्राकडे वळते आणि त्यात बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे उघड उघड येतात. त्या सभेत नेमके हेच केले गेले. ढोलकी रंगली होती, मागच्या रांगांतली माणसे साथ देऊ लागली होती, तोच एका संयोजकाने वेळेचे कारण सांगून त्या तरुण गायकाला खाली बसवले आणि वेळ नसलेल्या त्याच सभेत एका पाहुण्यांनी मैनेच्या शृंगारावर अर्धा तास भाषण केले. बेळगावात, बेळगावकरांच्या देखत, गाण्यातले बेळगाव कापले! 1 नोव्हेंबर 1956 रोजी आपण म्हैसूर राज्यात ढकलले गेलो आणि 1 मे 1960 चा महाराष्ट्राचा जल्लोष दुरून पाहत राहिलो; आपल्या या तुटलेपणाची व्यथा ज्या गाण्याने गिरणगावातल्या कामगारांच्या काळजापर्यंत नेली, ते गाणे आपल्याच गावात पुरे होऊ नये? त्या व्यासपीठावर दर 1 नोव्हेंबरला दंडावर काळी फीत बांधून फेरीत पुढे चालणारे चेहरे होते. 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना हार घालणारेही होते. एकही जण उठून ‘पुढचे म्हणू दे त्याला’ असे म्हणाला नाही.

मी सूचना करीत होतो, हे माझ्या लक्षात आहे. पण आता सरळच बोलतो. तुम्हांला अमर शेख नकोत, त्यांची तसबीर हवी आहे. सीमाप्रश्नासाठी गळा काढताना त्यांचे नाव वापरायचे आणि त्यांनी ज्यांच्यासाठी गळा फोडला त्या श्रमिकांना दारातही उभे करायचे नाही, हा निव्वळ लबाडपणा आहे. निपाणीत तंबाखूत आणि विड्यांत आयुष्य घालवलेल्या एका तरी बाईला तुम्ही व्यासपीठावर बसवले होते का? त्यांच्यातली एखादी घरी कन्नड बोलत असेल, म्हणून तुम्हांला अडचण वाटते. लाल बावट्याला ती कधी वाटली नव्हती, कारण त्याचे भांडण सत्तेशी आणि मालकाशी होते, शेजारच्या कामगाराशी नव्हते. तुम्ही कोणाला भिता? कलेक्टर कचेरीला, प्रायोजकाला की निवडणुकीत लागणाऱ्या मतांना? ज्याला जे भय असेल त्याने ते खुशाल घरी बाळगावे. त्यासाठी तुरुंग पाहिलेल्या शाहिराच्या नावाने पावती पुस्तके फाडू नयेत. पुढच्या सभेत पाहुणे निम्मे करा आणि त्या पोराला अखेरच्या कडव्यापर्यंत गाऊ द्या. हे जमणार नसेल तर वर्गणी मागायला माझ्या दारात येऊ नका.