‘एक प्लस, एक मायनस असला की झालं’ हे खरं नाही

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: घरात एक प्लस आणि एक मायनस स्क्रूड्रायव्हर पुरे, प्लस सगळे सारखेच असतात, स्क्रू घसरतो तो जोर कमी पडतो म्हणून, फिलिप्सचा, म्हणजे नेहमीच्या साध्या फुलीचा स्क्रू तर मुद्दाम घसरावा म्हणूनच बनवलाय, बाकीचे आकार ही कंपन्यांची कमाई, आणि खाच झिजलीच तर मध्ये रबरबँड ठेवा. या सल्ल्यापायी लोक चांगले स्क्रू हाताने खराब करून घेतात, म्हणून एकेक मुद्दा बघू.

‘प्लस सगळे सारखेच.’ मोठी गफलत इथेच आहे. आपल्या घरात फुलीच्या खाचेचे निदान तीन प्रकार असतात. पहिला फिलिप्स. दुसरा पोझिड्राइव्ह. किचन ट्रॉलीच्या किंवा कपाटाच्या बिजागरीचा स्क्रू उजेडात धरून बघा. मुख्य फुलीच्या चार हातांच्या मधल्या जागांत, तिरक्या कोनात, चार बारीक रेघा कोरलेल्या दिसल्या तर तो पोझिड्राइव्ह. त्याच्या खाचेच्या भिंती जवळजवळ सरळ असतात, फिलिप्सच्या उतरत्या. त्यामुळे फिलिप्सचं टोक त्यात बसल्यासारखं वाटतं, पण डुलतं, आणि जोर लावला की कडा खातं. विजेच्या बोर्डातल्या अनेक एमसीबींच्या (आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) टर्मिनलचे, म्हणजे वायर आवळायचे, स्क्रूही याच जातीचे, सोबत एक आडवी चीर असलेले. तिथे कडा गेल्या तर वायर नीट आवळली जात नाही, सांधा तापतो. हा प्रश्न नुसत्या स्क्रूचा राहत नाही.

तिसरा प्रकार जपानी, जेआयएस, म्हणजे जपानच्या औद्योगिक मानकाचा. जपानी बनावटीच्या बाइकवर तो हमखास सापडतो: कार्बुरेटरची वाटी, इंजिनाची बाजूची कव्हरं, पुढच्या डिस्क ब्रेकच्या ऑइलच्या डबीचं झाकण. त्या झाकणाचे दोन स्क्रू किती जणांनी बाद केले असतील! फिलिप्सचं टोक खाचेच्या तळाला आधी टेकतं, पाकळ्या वरच राहतात, आणि पिळलं की टोक उसळून बाहेर येतं. काही जपानी स्क्रूंच्या डोक्यावर एका पाकळीशेजारी छोटा ठिपका असतो. दिसला तर जेआयएसच घ्या. त्याचं टोक साध्या फिलिप्स स्क्रूलाही बऱ्यापैकी चालतं, म्हणून बाइक असलेल्या घरात आधी हा घ्यावा असं माझं मत आहे.

वर मापांचा प्रश्न आहेच. दांड्यावर किंवा बिटवर पीएच १, पीएच २, पीझेड २ असं कोरलेलं असतं: पीएच म्हणजे फिलिप्स, पीझेड म्हणजे पोझिड्राइव्ह, आकडा मापाचा. फर्निचरचे आणि जिप्समचे काळे स्क्रू बहुतेक पीएच २. खेळण्यातल्या बॅटरीचं झाकण त्याहून लहान. खात्री करायची तर टोक खाचेत घालून नुसतं हलवून बघा. डुललं तर जात किंवा माप चुकलंय. मायनसचंही तसंच: पातं चिरेइतकं रुंद हवं आणि चीर भरून काढेल इतकं जाड.

‘जोर कमी पडतो.’ यात अर्धं तथ्य आहे. फिलिप्सला पिळण्यापेक्षा दाबणं जास्त लागतं, कारण उतरत्या भिंती पिळताना टोकाला बाहेर ढकलतात. पण टोकच चुकीचं असेल तर वाढवलेला जोर खाच लवकर संपवतो, एवढंच.

‘मुद्दाम घसरावा म्हणून बनवला.’ हे शिकलेसवरलेले लोकही सांगतात. हेन्री फिलिप्स यांना अमेरिकेत १९३६ मध्ये पेटंटं मिळाली आणि त्याच सुमारास कॅडिलॅक गाड्यांच्या जुळणीत हे स्क्रू आले. उपयोग सरळ होता: यंत्राचं टोक आपोआप मध्यावर बसावं, मायनस स्क्रूच्या चिरेतून सरकतं तसं बाजूला सरकू नये. मूळ पेटंटांत घसरण्याच्या फायद्याचा उल्लेख नाही. तो येतो १९४९ च्या एका सुधारित पेटंटात. म्हणजे घसरणं हा आधी आकाराचा परिणाम होता, गुण म्हणून त्याची नोंद नंतर झाली. स्क्रू अति आवळला जाऊ नये असं वाटत असेल तर ड्रिल मशीनवर आकड्यांची क्लच-रिंग असते, ती वापरा.

‘बाकीचे आकार म्हणजे कमाई.’ कॅनडात रॉबर्टसन यांनी चौकोनी खाच १९०८ मध्ये आणली आणि सहा पाकळ्यांचा टॉर्क्स १९६७ मध्ये आला. दोन्हींच्या भिंती पिळताना टोकाला बाहेर फेकत नाहीत, म्हणून ते टिकले. फोक्सवॅगन-स्कोडा उघडणाऱ्या मेकॅनिकला टॉर्क्सचा सेट लागतोच. मात्र आयफोनच्या तळाशी असलेले पाच पाकळ्यांचे दोन स्क्रू मालकाला आत येऊ न देण्यासाठीच आहेत असं मलाही वाटतं. तिथे मेसेजवाल्याचा राग मला मान्य आहे.

‘रबरबँड ठेवा.’ सैल बसलेल्या छोट्या स्क्रूला कधी जमतं. गंजून धरलेल्या स्क्रूला नाही. रबर फाटतं आणि खाच आणखी गुळगुळीत होते. त्याऐवजी स्पेअर पार्टच्या दुकानातून व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणा आणि योग्य टोकाला किंचित लावा, तिचे खरखरीत कण पकड देतात. तरी हलला नाही तर गंजावर तेल सोडून रात्रभर मुरू द्या, आणि मग हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा. तो ठोक्यासरशी दाबतो आणि फिरवतोही. फक्त प्लॅस्टिकवर आणि ब्रेकच्या डबीवर तो वापरू नका, डबीलाच तडा जाईल.