‘आधी पाया पक्का करा, संशोधन नंतर’ : या म्हणण्याला मुद्देसूद उत्तर

विज्ञान शिकवणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर खूप फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : पदवीच्या मुलांच्या हाती संशोधन देणे म्हणजे ‘पी हळद अन् हो गोरी’. त्यांचा पाया कच्चा असतो. वर्षानुवर्षे चालत आलेली प्रॅक्टिकल्स त्यांनी नीट केली तरी पुष्कळ झाले. संशोधन द्यायचेच तर वर्गातल्या चार-पाच हुशार मुलांना द्यावे. बाकीच्यांनी काढलेले निष्कर्ष कुणाच्याच कामाचे नसतात. शिवाय उपकरणे नाहीत, वेळ नाही, आणि गुण कशाच्या आधारावर द्यायचे हेही ठरलेले नाही.

हा मजकूर मला तीन वेगवेगळ्या सहकाऱ्यांनी पाठवला. तिघेही मनापासून शिकवणारे आहेत, त्यामुळे त्यांची काळजी मी खरी मानते. पण यातले बहुतेक मुद्दे तपासल्यावर टिकत नाहीत.

पायापासूनच सुरुवात करू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. ठरलेल्या प्रॅक्टिकलमुळे थिअरी पक्की होते असे आपण गृहीत धरतो. भौतिकशास्त्र कसे शिकले जाते याचा अभ्यास करणाऱ्या नताशा होम्स, कार्ल वीमन आणि सहकाऱ्यांनी हेच गृहीतक तपासले. वीमन हे 2001 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी. पुढे त्यांनी विज्ञान कसे शिकवावे याच अभ्यासाला वाहून घेतले. तीन संस्थांमधले पदवीच्या सुरुवातीच्या भौतिकशास्त्राचे नऊ अभ्यासक्रम त्यांनी निवडले. तिथे प्रयोगशाळा ऐच्छिक होती, त्यामुळे ती घेणारे आणि न घेणारे विद्यार्थी एकाच परीक्षेला बसत होते. प्रयोगशाळेत जे विषय घोटून घेतले होते, नेमक्या त्याच विषयांवरच्या प्रश्नांत प्रॅक्टिकल केलेल्यांना काही फायदा होतो का, हे त्यांनी पाहिले. 2017 मध्ये आलेला निष्कर्ष असा की मोजता येईल इतका फायदा दिसत नाही. ज्या पायासाठी आपण मुलांचे तासन् तास खर्ची घालतो, तो त्या तासांमधून घातलाच जात नाही.

का, हे मी स्वतःच्या प्रयोगशाळेत पाहिले आहे. लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायचे होते. एका मुलीने रीडिंगचा सगळा तक्ता पेन्सिलने भरला होता. उत्तर 9.4 आले. तिने शेजारच्या टेबलावर डोकावून पाहिले, खोडरबर घेतला, वेळेच्या रकान्यातले तीन आकडे बदलले, पुन्हा गणित केले आणि 9.78 आल्यावर त्यावर पेन फिरवले. मी विचारले, हे आकडे का बदललेस? ती अगदी सरळपणे म्हणाली, “मॅडम, उत्तर 9.8 च्या जवळ यायला पाहिजे ना?” तिला लबाडी करायची नव्हती. उत्तर आधीच ठरलेले आहे आणि आपले काम तिथवर पोचण्याचे आहे, हे आम्हीच तिला दोन वर्षे शिकवले होते. पाया म्हणून आम्ही जे घालत होतो ते हे होते.

आता तोच लंबक, तोच दोरा, तेच स्टॉपवॉच घ्या आणि प्रश्न बदला. पुस्तकात लिहिले आहे की लंबकाचा आवर्तकाल झोक्याच्या कोनावर अवलंबून नसतो. मुलांना सांगा : 10 अंशांवरून आणि 20 अंशांवरून सोडून पाहा, फरक पडतो का ते ठरवा. साधारण एक मीटरच्या दोऱ्याचा झोका दोन सेकंदांचा. पुस्तकातले विधान फक्त लहान कोनांसाठीच, तेही अंदाजाने खरे असते. या दोन कोनांमध्ये आवर्तकाल जेमतेम अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक बदलतो, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा. एकच झोका मोजला तर हा फरक दिसणारच नाही, कारण बटण दाबण्यातली चूकच त्याच्या दसपट असते. “फरक नाही, पुस्तक बरोबर,” असे म्हणून मुले मोकळी होतात. मग त्यांना विचारायचे : तुमच्या मोजणीत अनिश्चितता किती? ती कमी कशी कराल? कुणी वीस झोके एकदम मोजते. कुणी पन्नास मोजायला जाते आणि तिच्या लक्षात येते की तोवर झोकाच लहान झाला आहे, 20 अंश उरलेलेच नाहीत. कुणी जड गोळा मागते. हळूहळू दोन्ही सरासऱ्या एकमेकींपासून सुटतात आणि वर्गात एक विचित्र शांतता पसरते, कारण आकडे पुस्तकाच्या विरोधात बोलत असतात. आधी सगळ्यांना वाटते, आपलेच चुकले. पुन्हा मोजतात. फरक तिथेच असतो.

होम्स, वीमन आणि डग बॉन यांनी याच धर्तीवर प्रयोग घडवले आणि 2015 मध्ये त्याची तुलना प्रसिद्ध केली. मोजा, तुलना करा, पद्धत सुधारा, पुन्हा मोजा, या चक्रातून गेलेली मुले आपणहून पद्धतीत सुधारणा सुचवण्याची किंवा करण्याची शक्यता इतरांच्या 12 पट निघाली. आपल्या आकड्यांच्या आधारे एखाद्या प्रारूपाची (मॉडेलची) मर्यादा ओळखून ती समजावून सांगण्याची शक्यता 4 पट. आणि हे पुढच्या वर्षीच्या प्रयोगशाळेतही टिकून राहिले. पाया म्हणायचे तर मी याला म्हणेन.

पायाच्या मुद्द्यात एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मान्य करायलाच हवी. नवख्या मुलांना उघड्यावर सोडून ‘शोधा तुमचे तुम्ही’ म्हटले तर ती गोंधळतात आणि फारसे शिकत नाहीत. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांनी 2006 मध्ये हे ठणकावून सांगितले होते. पण संशोधनाचा अभ्यासक्रम म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे. तंत्र शिकवायचे, सुरक्षेचे नियम शिकवायचे, प्रश्नाची चौकट आखून द्यायची. फक्त उत्तर आधी सांगायचे नाही, आणि खऱ्या संशोधनात तर ते शिक्षकालाही ठाऊक नसते.

‘फक्त हुशार मुलांना द्या’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत उमेदवारी करायला कोणाला मिळते? ज्याला विचारायचे धाडस आहे, ज्याच्या घरी हे कुणीतरी आधी केले आहे, ज्याला सुट्टीत पैसे कमवायला जावे लागत नाही. बाकीच्यांना असे काही असते हेच कळत नाही. संशोधन वेळापत्रकातल्या तासातच आणले की ही चाळणी निघून जाते. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या शाखेत 2005 पासून पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी असा तीन सत्रांचा कार्यक्रम चालतो. त्याचा सविस्तर अभ्यास 2016 मध्ये आला. मुळात सारख्याच पार्श्वभूमीच्या मुलांशी तुलना केली, तेव्हा तिन्ही सत्रे पूर्ण करणाऱ्यांत विज्ञान-तंत्रज्ञान शाखेतूनच पदवी घेण्याची शक्यता 71 टक्क्यांवरून 94 टक्क्यांवर गेलेली दिसली. सहा वर्षांत पदवी पूर्ण करण्याची 66 वरून 83 वर. हा लाभ वेगवेगळ्या सामाजिक गटांतल्या मुलांना सारखाच झाला. शेवटच्या सरासरी गुणांवर मात्र काही परिणाम दिसला नाही, हेही सांगायला हवे. संशोधनाने गुण वाढतात असे कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. ते मुलांना विज्ञानात टिकवून ठेवते, आणि गळती लागलेल्या वर्गात शिकवणाऱ्याला त्याची किंमत कळते.

‘मुलांचे निष्कर्ष निरुपयोगी असतात’ या वाक्यापाशी मी थोडी थांबणार आहे. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या ग्रॅहॅम हॅटफुल यांच्या कामातून वाढलेला, हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेने 2008 पासून चालवलेला एक अभ्यासक्रम आहे. पहिल्या वर्षाची मुले मातीचा नमुना आणतात आणि त्यातून जिवाणूंना खाणारा विषाणू, म्हणजे फाज, वेगळा करतात. बशीतल्या जिवाणूंच्या धुरकट थरावर टाचणीच्या डोक्याएवढे स्वच्छ गोल ठिपके उमटतात. तिथे फाजने जिवाणू फोडलेले असतात. तो ठिपका उचलायचा, पुन्हा वाढवायचा, पुन्हा उचलायचा, एकाच जातीचा फाज हाती लागेपर्यंत. मग त्याला नाव द्यायचे, त्याचा जनुकसंच वाचायचा. एरवी कुणी पाहिलाही नसता असा एक विषाणू ती मुले जगाच्या नोंदीत आणतात.

2010 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये अशाच अभ्यासक्रमातल्या एका विद्यार्थिनीला सडत पडलेल्या वांग्यापाशी एक फाज सापडला. त्याचे नाव ठेवले ‘मडी’. तो शीतकपाटात जाऊन बसला. आठ वर्षांनी लंडनमध्ये एक पंधरा वर्षांची रुग्ण होती; फुप्फुसांच्या प्रत्यारोपणानंतर तिच्या शरीरभर ‘मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस’ या जिवाणूचा संसर्ग पसरला होता आणि प्रतिजैविके हरली होती. हॅटफुल यांच्या संग्रहात शोध घेतला तेव्हा उपयोगी पडू शकणारे तीन फाज मिळाले. त्यातल्या दोघांत जनुकीय बदल करावे लागले. मडी जसाच्या तसा वापरता आला. उपचारानंतर तिच्या जखमा भरू लागल्या, यकृताचे काम सुधारले. संसर्ग मुळापासून गेला असे नाही, पण ती घरी जाऊ शकली. 2019 मध्ये हे प्रसिद्ध झाले. पदवीच्या मुलीने प्रॅक्टिकलच्या तासाला केलेल्या कामाला निरुपयोगी म्हणताना हे वांगे आठवावे, एवढीच माझी विनंती आहे.

अर्थात प्रत्येक बशीतून औषध निघत नाही, बहुतेक निष्कर्ष लहानच असतात. चुकाही होतात. म्हणून तर या अभ्यासक्रमांत पडताळणी आत विणलेली असते. फळमाशीच्या जनुकसंचावर काम करणाऱ्या एका प्रकल्पात एकच तुकडा किमान दोन विद्यार्थी स्वतंत्रपणे तपासतात आणि मग दोन्ही उत्तरे जुळवून पाहिली जातात. त्यांच्या 2015 च्या शोधनिबंधाला हजाराहून अधिक लेखक आहेत, त्यातले नऊशेहून अधिक पदवीचे विद्यार्थी.

उपकरणांबद्दल फार बोलत नाही. लंबकाचे वर सांगितलेच. आकाशगंगांची छायाचित्रे, जनुकसंच, हवामानाच्या नोंदी असा प्रचंड साठा आज खुला आहे, आणि तो उघडायला साधा संगणक पुरतो.

वेळेचा आक्षेप जड आहे. संशोधनाला वेळ लागतो, प्रयोग फसतात आणि पुन्हा करावे लागतात. सत्रात दहा प्रॅक्टिकल्स असतील तर दहाही राहणार नाहीत. मी चार काढून टाकली आणि त्यांच्या जागी एकच प्रश्न सहा आठवडे चालवला. पहिल्या वर्षी माझी दमछाक झाली, आणि हा भार शिक्षकाने पदरमोड करून उचलावा असे मी म्हणणार नाही; कामाच्या तासांत तो धरला गेला पाहिजे. पण गाळलेल्या त्या चार प्रयोगांतले मुलांना पुढच्या वर्षी काय आठवले असते, हे मी मागच्या तुकडीला विचारून पाहिले होते. प्रयोगांची नावेही सांगता आली नाहीत.

राहता राहिले गुण. उत्तर ठरलेले नसेल तर गुण उत्तराला देता येत नाहीत, हे अगदी खरे. मी ते वहीला देते. वहीत पान फाडायचे नाही, खोडायचे नाही. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारायची, तारीख टाकायची आणि शेजारी कारण लिहायचे. प्रयोग फसला तर पुढच्या वेळी काय बदलले आणि का, याला सर्वाधिक गुण. अनिश्चितता किती धरली आणि ती कुठून आली, याला त्याखालोखाल. तोंडी परीक्षेत एकच गोष्ट विचारते : तुझ्या निष्कर्षावर तुला सर्वात जास्त शंका कुठे आहे? मागच्या सत्रात एका मुलाने या प्रश्नावर वही उघडली, तिसऱ्या आठवड्याचे पान काढले आणि रेघ मारलेल्या एका आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, “इथे, मॅडम. हा मी चुकीचा म्हणून सोडला होता. आता वाटतं, तोच बरोबर असावा.” त्याला परत मोजायचे होते. मी प्रयोगशाळेची किल्ली दिली.